एक साडी लांब, दोन पन्हे रुंद

आमच्या सुरतच्या घरातली ती खोली मी साडीने मोजून बांधून घेतली आहे. फुटाने नाही, मीटरने नाही, साडीने. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढे आणखी आहे.

तेव्हा मी तिशीच्या आत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणायचे. मार्केटातून गठ्ठा यायचा, बरोबर गोंदाची बाटली आणि खड्यांच्या पुड्या. पण साडी मोकळी पसरायला घरात जागा कुठे? पदर स्वयंपाकघरात आणि निऱ्या मोरीजवळ, असं चालायचं. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक बोळ मोकळा पडला होता. मी म्हटलं, हा झाकून टाकू. गवंडी आला, त्याने टेप काढला. मी म्हटलं, "टेप राहू द्या भाऊ," आणि आतून दोन साड्या आणून बोळात शेजारी शेजारी अंथरल्या. लांबीला एक साडी, रुंदीला दोन पन्हे.

गवंडी म्हणाला, "बेन, अने चालवानी जग्या?"

"मी कडेकडेने चालेन की!"

ही तेव्हाची मी. पलंग कसा फिरणार, कपाटाचं दार कुठे उघडणार, असले प्रश्न त्या डोक्यात शिरायचेच नाहीत. खोली झाली. वास्तुशांतीला भटजी एका टोकाला आणि पाहुणे एकामागे एक, रेशनच्या रांगेत बसवल्यासारखे. प्रसाद हातोहात मागे जात होता आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर त्यातला बेदाणा संपला होता. मी मात्र माहेरी कळवून मोकळी, की आमचं घर आता चार खोल्यांचं.

अशा या आगगाडीच्या डब्यात माझ्या मुलाने होम थिएटर लावायचं काढलं.

कारण होतं त्याचे वडील. आमचे हे उमेदीची सगळी वर्षं कडोदऱ्याला लूमच्या खात्यात होते. खातं म्हणजे हिशोबाचं नव्हे, यंत्रमाग चालतात त्या शेडला इथे खातं म्हणतात. शे-सव्वाशे लूम एकदम धडधडतात. आत गेलं की माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. तिथून हे कापडाच्या तंतूंनी पांढरे होऊन घरी यायचे आणि सुट्टी आली की मला पिक्चरला न्यायचे. एकही सुट्टी चुकवली नाही. पोर पोटात असताना नेलं, पोर कडेवर असताना नेलं. खानदेशातून आलेल्या मला सुरत दाखवली ती यांनी, आणि तीही बहुतेक अंधारात बसवून.

वय झालं तसे कान गेले. हे कबूल करत नाहीत तो भाग वेगळा. आम्ही टीव्ही लावला की पहिली काही वर्षं विचारायचे, "काय म्हणाला?" मी सांगायची. मग पुन्हा, "काय म्हणाली?" मी वैतागायची, पण सांगायची. हळूहळू विचारणं बंद झालं. टीव्ही लागला की हे उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागले. विचारणं थांबलं तेव्हा मात्र मी यांच्यामागे लागले. कानाला मशीन लावा म्हटलं तर, "माझे कान ठणठणीत आहेत, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." मला मोठं काही नको होतं. एक पिक्चर यांच्या शेजारी बसून, सुरुवातीच्या नावांपासून शेवटपर्यंत बघायचा होता. तेवढ्यासाठीच मी माझी खडे चिकटवायची खोली द्यायला तयार झाले.

मुलाने सामान मागवलं आणि हात झटकले. काम हाती घेतलं नातीने. ती कॉलेजात आहे, आणि तिच्या मते जगातली कुठलीही गोष्ट व्हिडिओ बघून करता येते. पाच छोटे स्पीकर आले, एक जाड पेटी आली जिच्यातून नुसता ढम् ढम् आवाज निघतो, आणि छताला उलटा टांगायचा प्रोजेक्टर आला. नातीने खोलीत उभी राहून दोन्ही हात पसरले. एक हात भिंतीला टेकला, दुसऱ्याला जेमतेम हातभर जागा उरली.

"आजी, ही खोली कोणी प्लॅन केली?"

"होती एक बाई," मी म्हटलं. "आता ती इथे राहत नाही."

सोफा दारातून आत आला, पण आत वळेना. आडवा लावला तर दोन भिंतींमध्ये पाचर मारल्यासारखा बसला आणि पलीकडे जायचं तर त्याच्यावरून चढून जावं लागे. मी चढले. गुडघ्याने तक्रार केली, पण मला हसू आवरेना. मग सोफा परत बाहेर आणि खुर्च्या एकामागे एक, एसटीसारख्या. बाजूचे स्पीकर भिंतीवर लावले तर ते थेट कानाशीच आले. हीरो माझ्या उजव्या कानात कुजबुजला तेव्हा मी दचकून पदर सावरला.

नंतर नातीने काय करावं? खोलीच्या मधोमध उभी राहून जोरात टाळ्या वाजवायला लागली. इकडे एक टाळी, तिकडे एक टाळी. मला वाटलं, उद्घाटन झालं. मीही वाजवल्या. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, मी एको बघतेय. आवाज भिंतींवर आपटून परत येतोय." खरंच, अरुंद खोली विहिरीसारखी घुमत होती. "अरे" म्हटलं की "रे रे रे" यायचं.

"भिंतींना फोम लावायला पाहिजे," नात म्हणाली.

"फोम कशाला? गोधड्या आहेत ना."

सुरतेत राहून चिंध्या साठवल्या नाहीत अशी खानदेशी बाई मला दाखवा. मी ट्रंक उघडली. सॅटीनच्या, जॉर्जेटच्या, चमकीच्या, उतरलेल्या रंगांच्या अकरा गोधड्या निघाल्या. दोन्ही भिंतींवर खिळे ठोकून टांगल्या. खोली अशी गप्प झाली की आपलाच श्वास ऐकू यावा. दिसायलाही अशी, की आत पिक्चर आहे का लग्नाचा मांडव, कळू नये. नात थोडी चुळबुळली. मैत्रिणींना काय सांगणार होती कोण जाणे. पण पुन्हा टाळी वाजवून बघितली, आणि "चालशे, आजी, एकदम चालशे," म्हणत माझ्या गालाचा मुका घेतला.

रविवारी दुपारी पहिला खेळ. नातीच्या आवडीचा दक्षिणेकडचा मारामारीचा पिक्चर, हिंदीत केलेला. यांना सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसवलं. पेटीतून पहिला धमाका झाला तशी स्वयंपाकघरातली ताटं वाजली आणि भिंतीपलीकडून शेजारच्या बेन ओरडल्या, "अरे बेन, मारा डबा पडे छे!" हीरोने एका ठोशात नऊ माणसं उडवली. आम्ही टाळ्या पिटल्या. हे दहा मिनिटं बसले, मान इकडून तिकडे केली, आणि उठून ओट्यावर गेले.

"का हो, काय झालं?"

"आवाज बरोबर नाही."

झालं. नातीने पेटी कोपऱ्यातून काढून पुढे ठेवली. मी आणखी दोन गोधड्या छताला टांगल्या. पुढच्या रविवारी दुसरा पिक्चर, तोही तिकडचाच, त्यात हीरो दोन आणि दोघे भाऊ. हे सात मिनिटांत बाहेर.

"अहो, आता काय?"

"हे लोक खोटं बोलतात," हे म्हणाले. "सांगतात एक आणि तोंड हलवतात भलतंच."

नातीचे डोळे एकदम चमकले. "आजोबा, म्हणजे आवाज मागे पडतोय! बरोबर पकडलं तुम्ही!" मग तिने जे मांडलं! दोन दिवस रिमोट घेऊन आवाज कणभर पुढे, कणभर मागे. मला समोर बसवून विचारायची, "आता जुळतंय?" मी प्रत्येक वेळी म्हणायची, जुळतंय. मला दोन्ही सारखंच दिसत होतं, पण तिचं मन मोडवेना. तिसऱ्या रविवारी तिने आजोबांना अगदी हात धरून आणलं. पिक्चर लागला. बारा मिनिटं. मी घड्याळ बघत होते. हे उठले नाहीत, पण मान खाली घालून नखं बघत बसले. नात रडकुंडीला आलेली. मी पडद्याच्या बाजूला उभी होते, कारण तिथली एक गोधडी एका खिळ्यावरून सुटली होती. पडद्यावर गाड्या हवेत उडत होत्या, ढमाढम चालू, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. माझा संताप संताप झाला. यांच्याकडे बघून मी पुटपुटले, तोंडातल्या तोंडात: "या म्हाताऱ्यासाठी काहीही करा, याला ओटाच बरा."

अर्धी साडी लांबवरून, त्या सगळ्या गदारोळात, हे शांतपणे म्हणाले, "म्हातारा कोणाला म्हणतेस?"

माझ्या हातून गोधडी सुटली.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कुठून येणार, एवढी बोंब चाललीय," हे म्हणाले. आणि मग आमच्या घरच्या अहिराणीत: "तू बोल. माले दिसस."

मला दिसतं. तू बोल, मला दिसतं.

मी खाली बसले. फरशीवर, गोधडीवर. आणि हसू लागले. नातीला वाटलं, आजीला काहीतरी झालं. झालंच होतं. पंचेचाळीस वर्षांचा संसार माझ्या डोळ्यांसमोरून उलटा पळत होता.

मला माहीत होतं हो! खात्यात आवाजामुळे कामगार तोंडाच्या हालचालीवरून बोलणं ओळखतात, हे यांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. एक ओडिया, एक उत्तर प्रदेशचा, एक तेलुगू, एक आमचा खानदेशी, सगळे लूमच्या अलीकडून पलीकडे ओठांनी आणि हातांनी गप्पा मारतात. चहाची खूणसुद्धा मला शिकवली होती. पण मला वाटायचं, ते खात्यातलं खात्यात. घरी येताना माणूस चपला दाराशी काढतो तसं तेही काढून येत असेल.

आणि तेव्हाची मी! नवी नवरी, एकोणीस वर्षांची, अक्कल पावशेर. मी बोलायला लागले की हे एकटक माझ्या तोंडाकडे बघायचे. डोळ्यांत नाही, नेमकं ओठांकडे. मी काय समजले असेन? बहिणीला चार पानी पत्र लिहिलं, की माझ्या ओठांवरून यांची नजर हलत नाही, जेवायचंसुद्धा विसरतात. मग मी चोरून लिपस्टिक आणली. आरशासमोर सराव केला. पिक्चरमधल्या नट्या कशा ओठ न हलवता, जरासा चंबू करून बोलतात, तसं बोलायला शिकले. "भाजी वाढू?" हेसुद्धा चंबूतून.

आणि हे विचारायचे, "काय?"

मी लाजून पुन्हा चंबूतून: "भाजी वाढू?"

"काय? परत बोल."

परत बोल! बाई गं! मला वाटायचं, माझा आवाज यांना पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो. खात्यातून आलेल्या माणसाच्या कानात अजून लूम खटाखटत होते, पोटात भूक होती, आणि समोर बायको मासोळीसारखं तोंड करून उभी होती. बिचाऱ्याला भाजी मिळायला अर्धा तास लागायचा.

बरं, भांडणात मी पाठ फिरवून बोलायची. तीही पिक्चरमधलीच स्टाईल. खिडकीबाहेर बघत, पदर पिळत, यांच्या आईपासून बहिणीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. हे एक शब्द बोलायचे नाहीत. गल्लीत मी सांगत फिरायची की माझा नवरा देवमाणूस, कितीही बोला, उलट उत्तर नाही. बायका हेवा करायच्या. देवमाणूस मागे बसून शांतपणे चहा पीत असायचा.

हे सगळं मी हसत, नाक पुसत नातीला सांगितलं. ती पोट धरून खुर्चीवरून घसरली. हे आमच्याकडे बघत होते, आळीपाळीने दोघींच्या तोंडांकडे, आणि त्यांना सगळं कळत होतं.

"आणि पाठ फिरवून काय बोलायचीस?" हे म्हणाले.

"कौतुक करायची," मी म्हटलं. नीट, ओठ हलवून.

नात मात्र पोरगी हुशार. हसता हसता एकदम थांबली. "आजी, म्हणजे आवाजात काही गडबड नव्हतीच! हे सगळे पिक्चर दुसऱ्या भाषेतले. हीरो तेलुगूत तोंड हलवतो, आवाज हिंदी. आजोबा दोन्ही एकदम कसं वाचणार?"

"तेलुगू थोडी येते," हे म्हणाले. "पण शिव्याच जास्त."

तेरा गोधड्या, दोन दिवसांचा रिमोट, शेजारणीचे डबे. आणि चूक निघाली ओठांची. नातीने तो पिक्चर काढला आणि आमच्या काळातला एक हिंदी पिक्चर लावला, रंगीत, लग्नकार्य आणि रडारड असलेला. यांना म्हणाली, "बसा आजोबा." आणि रिमोट उचलून आवाज पार बंद करून टाकला.

खोली चिडीचूप. पडद्यावर नटीचं तोंड, केवढं? आमच्या घरातल्या परातीएवढं. टीव्हीवर जे ओठ शेंगदाण्याएवढे दिसायचे ते आता हातभर लांब. हे खुर्ची ओढून जरा मागे सरकले, लूमपासून सरकल्यासारखे, आणि बोलू लागले. "ती म्हणते, मी येणार नाही. तो म्हणतो, तुझ्या वडिलांना भेटतो. ती म्हणते, वडील घरी नाहीत. आहेत गं, मागे दाराशी दिसताहेत." नात मध्येच आवाज चालू करून तपासायची. शब्द न् शब्द बरोबर. आम्ही दोघी मागच्या खुर्च्यांत, आणि पुढे बसून हे आम्हाला पिक्चर सांगत होते. इतकी वर्षं मी सांगायची, "काय म्हणाला, काय म्हणाली." आता मीच विचारत होते आणि मुद्दाम जास्त विचारत होते.

मग लग्नाचा सीन आला. नायिका मांडवात डोळे पुसतेय, नायक खांबाआड उभा, वातावरण अगदी गंभीर. आणि हे एकदम खुदकन हसले. मग खांदे हलायला लागले. मग खुर्ची.

"अहो, काय झालं? रडायचं आहे इथे!"

"ती मागची... हिरव्या साडीतली... पाहुणी म्हणून उभी आहे ना, ती..."

"काय म्हणते?"

"म्हणते, जेवण कधी देणार? सकाळपासून उभी केलीय."

नातीने किंचाळून पिक्चर मागे घेतला. खरंच, नायिकेच्या खांद्यामागे एक हिरव्या साडीतली बाई शेजारणीला काहीतरी सांगत होती. तिला काय माहीत, पुढे कधीतरी सुरतेच्या बोळात तिचे ओठ हातभर मोठे होणार आहेत! पुन्हा लावलं. शेजारीण काय म्हणाली? "शेजारीण म्हणते, वडे आहेत, मी वास घेतला." आम्ही तिघेही लोळायचे बाकी. मुलगा बाहेरून धावत आला, आम्हाला बघून घाबरला, मग त्यालाही खुर्ची दिली. वरातीतला एक बाजेवाला दुसऱ्याला म्हणत होता, तुझी पगडी तिरकी आहे. न्यायालयाच्या सीनमध्ये मागच्या बाकावरचे दोघे क्रिकेटचं बोलत होते. एक म्हातारे वकील मात्र काहीतरी बोलले आणि यांनी सांगायला साफ नकार दिला. नात खूप मागे लागली. हे म्हणाले, "ते खात्यातलं आहे. मुलींसाठी नाही."

हीरो-हिरॉइनचं शेवटी काय झालं, ते मला आजही विचाराल तर नीट सांगता येणार नाही. मध्येच मुलाने हळूच विषय काढला, की बाबा, एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, "जाऊ. पण हा संपल्यावर."

तो संपेना. अडीच तासांचा पिक्चर मागे घेत, पुढे नेत साडेचार तास चालला. बाहेर शेजारच्या बेन ओट्याशी येऊन विचारून गेल्या, आज आवाज का नाही, बगडी गयुं के शुं, बिघडलं की काय? माझे पाय आखडले, चहाची वेळ उलटून गेली. शेवटी पडद्यावर 'समाप्त' आलं तशी मी खुर्चीचा हात धरून उठले.

हे मागे वळले. आणि माझ्यावर खेकसले, "कुठे निघालीस? बस खाली. वरातीतला तो ढोलवाला काय म्हणाला ते राहिलंय."